एपिसोडचा मजकूर : १०१ दिवस, एका फॉरवर्डचे

आजचा किस्सा १८८२ चा आहे, पण सुरुवात आमच्या पातूरपासून करतो.

गावच्या ग्रुपवर एका दुकानदाराबद्दल स्क्रीनशॉट आला होता. मी पुण्यात डेस्कवर बसून तो तीन ग्रुपना ढकलला. वर लिहिलं, "पोट्टेहो, सावध राहा." दोन दिवसांनी कळलं की तो बनवलेला होता. कोड मर्ज करताना दहादा तपासणारा मी, इथे एकदाही तपासलं नाही.

आता आगरकर. कऱ्हाडजवळच्या टेंभूचा हा गरीब पोरगा शिकायला अकोल्यात आला, म्हणजे आपल्या शेजारीच. तिथेच 'वऱ्हाड समाचार'साठी लिहू लागला. पुढे पुण्यात १८८१ च्या जानेवारीत 'केसरी' आणि 'मराठा' निघाले. 'केसरी'चे संपादक आगरकर, 'मराठा'चे टिळक.

कोल्हापूरचे तरुण छत्रपती चौथे शिवाजी यांना वेडं ठरवून त्यांचा छळ चाललाय, अशी चर्चा तेव्हा जोरात होती. कारभारी माधवराव बर्वे यांच्या नावाची काही पत्रं हाती आली. पत्रं खरी धरून दोन्ही पत्रांनी बर्व्यांवर सडकून लिहिलं. बर्वे कोर्टात गेले. बदनामीचा खटला. जोतीराव फुल्यांच्या सांगण्यावरून रामशेठ उरवणे यांनी दहा हजारांचा जामीन दिला. तेव्हाचे दहा हजार, बरं का! खटला चालू असतानाच मार्चमध्ये चिपळूणकर गेले.

आणि कोर्टात पत्रं बनावट निघाली.

दोघांनी माफी मागितली, तरी जुलैत चार महिन्यांची साधी कैद झाली. त्याच महिन्यात दोघांनी वयाची २६ वर्षं पूर्ण केली. माझ्यापेक्षाही लहान! मुंबईच्या डोंगरी तुरुंगात १०१ दिवस काढून २६ ऑक्टोबरला सुटले, तेव्हा लोकांनी त्यांचं जंगी स्वागत केलं. आगरकरांनी त्या दिवसांवर पुस्तकही लिहिलं.

शाळेत आपल्याला हे स्वागत शिकवतात, बनावट पत्रांवरून मात्र पटकन पुढे जातात. मला तीच जागा महत्त्वाची वाटते. त्यांचा हेतू चांगला होता, पुरावा खोटा होता.

कायदा फारसा बदललेला नाही. तेव्हा १८६० चा दंडविधान होता, कलम ४९९. आता न्याय संहितेचं कलम ३५६. आरोप खरा हवा आणि लोकहिताचाही हवा, तर सूट मिळते. नाहीतर दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. २०१५ मध्ये सुप्रीम कोर्टाने आयटी कायद्यातलं ६६अ रद्द केलं, म्हणून काही जण समजतात की ऑनलाइन काहीही चालतं. तसं नाही भाऊ. २०१६ मध्ये त्याच कोर्टाने बदनामीचा गुन्हा कायम ठेवला. संविधानाच्या १९(२) मध्येही बदनामी हे बंधन लिहिलेलंच आहे.

पण गोष्ट इथेच थांबत नाही, आणि म्हणूनच ती मला छळते. २५ डिसेंबर १८८३ ला अहमदनगरात, ग्रीन नावाच्या गोऱ्या शिपायाशी झालेल्या झटापटीत चौथे शिवाजी वारले. पत्रं खोटी होती, पण महाराजांची काळजी खोटी नव्हती. खोट्या पुराव्याने खऱ्या तक्रारीचीच बाजू लंगडी केली.

त्या दुकानदाराला मी फोन केला. "बाप्पा, तू बी?" एवढंच म्हणाले. मग तिन्ही ग्रुपवर 'तो स्क्रीनशॉट खोटा होता, मी न तपासता टाकला' असं लिहिलं. पहिल्या मेसेजला साठ जणांचे अंगठे आले होते. याला चार.