मध्यरात्रीचं नागपूर जंक्शन

परवा आईचं अमेरिकेचं तिकीट बघत होतो. वर्ध्याहून नागपूर विमानतळ जेमतेम पाऊणशे किलोमीटर. तिथून दोहामार्गे गेलं तर मुंबईपर्यंतची रात्रभराची रेल्वे वाचते, आणि आमच्या तारखांना भाडंही कमी दिसलं. पण आईचे गुडघे दुखतात. ती म्हणे, "मधातच कायले उतरायचं?"

अगं, ही आयडिया आपल्याच भागातली आहे! १९४९ मध्ये, रफी अहमद किडवई दळणवळण मंत्री असताना, रात्रीची टपाल विमानसेवा सुरू झाली. मुंबई, दिल्ली, कलकत्ता, मद्रास इथून डाकोटा विमानं निघायची आणि मध्यरात्री नागपूरला जमायची. टपालाची पोती इकडची तिकडे व्हायची, प्रवासीही विमान बदलायचे, आणि पहाटेपर्यंत विमानं परत.

आता आमच्या नेटवर्किंगच्या भाषेत: चार शहरं थेट जोडायला सहा मार्ग लागतात. मधे नागपूर ठेवलं की चारच. स्वस्ताईचं मूळ हेच. फेडेक्सनं मेम्फिसहून असाच कारभार १९७३ मध्ये सुरू केला, म्हणजे आपण आधी!

खोड एकच, एक विमान लेट झालं की सगळ्यांचा खोळंबा. म्हणून आईचं सगळं एकाच तिकिटावर काढलं, दोह्यात चार तास ठेवले. व्हीलचेअर आधीच सांगितली. ती आता विचारतेय, चार तासांत तिथे चहा मिळतो का.