पुण्यातला फ्रेंच पाहुणा

दिवाळीच्या फराळाला चार माणसे जमली, की चिवड्याच्या ताटाभोवती सगळ्या जगाचे राजकारण सुरू होते. अमक्या देशाचे हेर तमक्या राजधानीत शिरले आहेत, अमक्या बंडामागे तमक्या सत्तेचा पैसा आहे, अशा गोष्टी निघतात. मग कोणीतरी आवाज खाली आणून म्हणतो, "आतल्या गोटातली बातमी आहे बरं का!" एवढे ऐकले की कानोल्याचा घास हातातच राहतो. ही बातमी आली कोठून, हे विचारायचे मात्र कोणाच्या मनात येत नाही. आले तरी तो गप्प बसतो, कारण विचारणारा अडाणी ठरतो.

अशीच आतल्या गोटातली एक बातमी सुमारे अडीचशे वर्षांपूर्वी आपल्या पुण्यात उगवली. तेथून ती मुंबईला गेली, मुंबईहून कलकत्त्याला पोहोचली, आणि अखेर यमुनाकाठच्या काल्पीहून एक फौज पश्चिमेकडे चालू लागली. त्या बातमीची गोष्ट आज वाचकांना सांगायची आहे.

साल १७७७. नारायणरावांचा खून होऊन चार वर्षे होत आली होती. सवाई माधवराव अवघ्या तीन वर्षांचे होते आणि पुरंदरावर वाढत होते. कारभार सखारामबापू आणि नाना फडणीस यांच्या हाती होता. पस्तिशीतल्या नानांनी पानिपत डोळ्यांनी पाहिले होते, त्यामुळे गाफीलपणाची किंमत त्यांना कोणी शिकवायला नको होती. तिकडे रघुनाथराव दादा इंग्रजांच्या आसऱ्याने मुंबईत बसले होते. मुंबईकर इंग्रजांनी १७७४ च्या अखेरीस साष्टी घेतली आणि पुढच्या वर्षी सुरतेस दादांशी तह केला. कलकत्त्याच्या वरिष्ठ कौन्सिलाला हे रुचले नाही. त्यांनी कर्नल अप्टनला पाठवून मार्च १७७६ मध्ये पुण्याच्या कारभाऱ्यांशी पुरंदरचा तह केला. मुंबईच्या कौन्सिलाने हा तह गिळला खरा, पण तो त्यांच्या पोटात काही केल्या जिरेना. दादांना पुन्हा गादीवर बसविण्याची संधी ते शोधतच होते.

अशा वेळी चौलच्या बंदरात एक फ्रेंच गृहस्थ उतरला आणि तेथून पुण्याला आला. त्याचे नाव शेव्हालिए द सेंट लुबिन. आपण फ्रान्सच्या बादशहाचे वकील आहोत, असे तो सांगत होता. पुण्यात त्याची बडदास्त चांगली ठेवली गेली. त्या वेळी कंपनीचा वकील टॉमस मॉस्टिन पुण्यातच होता. आपल्या वाट्याला कोरडा आदर आणि ह्या नव्या पाहुण्याला मात्र मानपान, हे पाहून त्याच्या पोटात गोळा उठला असल्यास नवल नाही. त्याची पत्रे मुंबईला जाऊ लागली.

त्या पत्रांतून आणि त्यांच्यामागून फिरणाऱ्या बोलव्यांतून जे चित्र उभे राहिले ते असे. लुबिन अडीच हजार गोरे शिपाई आणणार, दहा हजार देशी शिपायांची पलटणे कवायतीत तयार करून देणार, तोफा, दारूगोळा आणि आरमारी सामान पुरविणार. त्याच्या बदल्यात चौलचे बंदर फ्रेंचांना मिळणार. चौल मुंबईच्या दक्षिणेस जेमतेम चाळीस-पन्नास किलोमीटरांवर. म्हणजे इंग्रजांच्या अंगणाच्या कुंपणाला लागूनच शत्रूचे ठाणे!

बातमी भयंकर खरी. पण तिच्यात पाहिलेले किती आणि ऐकलेले किती? आपल्या जुन्या वकिलांच्या आणि बातमीदारांच्या पत्रांत ह्या बाबतीत एक चांगली शिस्त दिसते. पक्के कळलेले वर्तमान निराळे, लोकांत चाललेली बोलवा निराळी, आणि नुसती आवई त्याहून निराळी. लिहिणारा तसे सांगून मोकळा होतो. पुढचा निवाडा ज्याला पत्र लिहिले त्याने करावा. लुबिनसंबंधीची बातमी ह्या चाळणीतून काढली, तर वर काय राहते? लुबिन चौलला उतरला, हे खरे. पुण्यात त्याचा सत्कार झाला, हे तर मॉस्टिनच्या डोळ्यांसमोरच घडले. फ्रान्सच्या आरमारखात्याचा मंत्री सार्तिन याने त्याला पाठविले होते, हेही आज ठाऊक आहे. म्हणजे तो अगदीच तोतया नव्हता. पण अडीच हजार गोरे शिपाई कोणी पाहिले होते? ते फक्त लुबिनच्या बोलण्यात होते. बातमीचे लाकूड खरे, पण त्यावर चढविलेला सोन्याचा मुलामा लुबिनच्या जिभेचा. आणि खोटे असे खऱ्याच्या पाठुंगळीला बसून आले, की ते ओळखणे फार कठीण जाते.

शिवाय हा माणूस इंग्रजांना अगदी नवखा होता असेही नाही. दहाएक वर्षांपूर्वी हैदरअलीशी मद्रासकर इंग्रजांचे युद्ध चालले होते, तेव्हा हाच लुबिन इंग्रजांच्या छावणीत सल्लागार होऊन वावरत होता. आपल्याला हैदरच्या घरातले सारे ठाऊक आहे, असे त्याने तेव्हा मद्रासकरांना पटविले होते. ती मोहीम कशी संपली? १७६९ मध्ये हैदर मद्रासच्या वेशीपर्यंत येऊन ठेपला आणि इंग्रजांना निमूटपणे तह करावा लागला. ज्याच्या शब्दावर एकदा पोळलो, त्याच माणसाच्या फुशारकीवर पुन्हा विसंबू नये, इतका विचार कोणाही शहाण्याला सुचला असता.

तो सुचला नाही, कारण ही बातमी खरी असावी अशीच मुंबईकरांची इच्छा होती. गव्हर्नर हॉर्नबी आणि त्याचे सहकारी पुरंदरचा तह मोडण्यासाठी सबब शोधत होते. पुणे दरबार फ्रेंचांशी गुप्त कट करतो आहे म्हटले, की तह मोडल्याचा दोष पुण्याच्याच माथी जातो. ज्या बातमीने आपले काम होते ती फारशी कोणी पारखून घेत नाही. बाजारात पैशाची भाजी घेताना आपण देठ मोडून पाहतो. फुकट मिळाली तर मुकाट्याने पिशवीत टाकतो.

कलकत्त्यास वॉरन हेस्टिंग्जची गोष्ट थोडी निराळी. पुण्याशी लढाईच हवी, असा त्याचा हट्ट प्रथम नव्हता. पण अमेरिकेत इंग्रजांचे पाऊल मागे पडत होते आणि फ्रान्स केव्हा उलटेल याचा नेम नव्हता. भ्यालेल्या माणसाला अंधारातला दोरही साप वाटतो. १७७८ च्या आरंभी त्याने काल्पीहून जमिनीच्या वाटेने मुंबईकडे फौज धाडण्याचे ठरविले. सारा हिंदुस्थान आडवा ओलांडणारी ही मोहीम प्रथम कर्नल लेस्लीच्या आणि त्याच्या मृत्यूनंतर गॉडर्डच्या हाती होती. कौन्सिलात फिलिप फ्रान्सिसने विरोध केला. पण हेस्टिंग्ज जे म्हणेल त्याच्या उलट बोलणे हा फ्रान्सिसचा नित्यनेम होता. पुढे १७८० मध्ये ह्या दोघांनी एकमेकांवर पिस्तुले झाडली आणि फ्रान्सिस जखमी झाला. म्हणून त्याच्या विरोधात बातमीची पारख किती आणि वैर किती, हे सांगणे अवघड. एकाने भीतीपोटी विश्वास ठेवावा आणि दुसऱ्याने द्वेषापोटी विरोध करावा, ह्यातल्या कशालाही निवाडा म्हणता येत नाही.

आता आपल्या नानांकडे वळू. नानांसारख्या माणसाला लुबिनची थोरवी कळली नसेल, हे संभवत नाही. मग त्याला ठेवून का घेतले? कारण इंग्रजांना धाक बसावा, हे त्यांनाही हवे होते. फ्रेंच आपल्या मागे उभे आहेत असे मुंबईकरांना वाटले, तर ते दादांना घेऊन घाट चढण्यापूर्वी दहा वेळा विचार करतील, असा हा हिशेब असावा. हिशेब चतुर होता, पण त्यात एक वजाबाकी राहून गेली. भीतीने माणूस थांबतो, तसाच कधी कधी तो आधी धावूनही येतो. नानांनी अफवेला खोटे म्हटले नाही, तिला आपल्या अंगणात हिंडू दिले. आणि जी लढाई टाळायची होती तिला ह्या अफवेने हातभारच लावला. नानांचे मोठेपण मानणाऱ्यांनीही ही गोष्ट मनात ठेवावी.

म्हणजे पाहा: मुंबईला बातमी हवी होती, कलकत्त्याला ती खरी वाटत होती, पुण्याला ती सोयीची होती, आणि लुबिनचे तर पोटच तिच्यावर होते. ती खोटी निघाली तर बरे, असे वाटणारा माणूस ह्या साऱ्या व्यवहारात कोठेच नव्हता. मग ती तपासणार कोण?

तपासायची म्हटले तर वाट सोपी होती. अडीच हजार गोरे शिपाई आकाशातून पडत नाहीत. त्यांना गलबते लागतात, रसद लागते, उतरायला मोसम लागतो. पावसाळ्यात कोकणच्या किनाऱ्याला मोठे आरमार लागणे कठीण. फ्रेंचांचे बळ हिंदुस्थानात उरले होते तरी किती? १७६३ च्या पॅरिसच्या तहानंतर पाँडिचेरी त्यांना परत मिळाली होती, पण पूर्वीचा दरारा गेला होता. आरमाराचे खरे ठाणे दूर मॉरिशस बेटात. ह्या दुबळेपणाचा पुरावा लवकरच मिळाला. १७७८ च्या ऑगस्टात इंग्रजांनी पाँडिचेरीला वेढा घातला आणि ऑक्टोबरात ती त्यांच्या हाती आली. ज्यांना स्वतःचे मुख्य ठाणे राखता आले नाही, ते पुण्याला फौज कोठून देणार होते?

पण मध्यंतरी एक विलक्षण योग जुळून आला. जुलै १७७८ मध्ये कलकत्त्यास वर्तमान आले की फ्रान्स आणि इंग्लंड यांच्यात युद्ध पेटले आहे. झाले! "पाहा, आम्ही म्हणत नव्हतो?" म्हणण्याची सोय झाली. नीट विचार केला तर ह्या वर्तमानाने पुण्याच्या कटाविषयी काहीच सिद्ध होत नव्हते. युद्ध अमेरिकेच्या कारणाने जुंपले होते. चौलच्या बंदराचा त्याच्याशी संबंध नव्हता. पण ज्योतिषाने सांगितलेल्या दहा गोष्टींपैकी एखादी जुळली, की उरलेल्या नऊही खऱ्या वाटू लागतात. आणि गंमत अशी, की ह्याच सुमारास नानांनी लुबिनला निरोपाचा विडा दिला होता. कटाचा नायक पुण्यातून निघाला आणि कटाची भीती मात्र मुक्कामाला राहिली.

लढाईला लुबिन हे एकच कारण नव्हते, हेही सांगितले पाहिजे. पुण्यात मोरोबा फडणिसांनी फळी उभारली होती आणि तिच्याकडून दादांना आणण्याविषयी मुंबईला निरोप गेले होते. विलायतेहूनही सुरतेच्या तहाला अनुकूल पत्र आले होते. पण ह्या साऱ्या लाकडांना फुंकर घालायला फ्रेंचांची भीती होतीच.

१७७८ च्या नोव्हेंबरात मुंबईची फौज दादांना घेऊन निघाली. लढाऊ माणसे सुमारे ३९०० आणि सामान वाहणारे बैल १९ हजारांवर. बोरघाट चढून ती कारल्यापाशी आली, तेथे ४ जानेवारी १७७९ रोजी कॅप्टन स्टुअर्ट पडला. शत्रूचे शौर्यही मनमोकळेपणाने वाखाणणाऱ्या आपल्या लोकांनी त्याला 'इष्टुर फाकडा' हे नाव दिले, आणि मावळात ते अजून विसरलेले नाही. फौज तळेगावला पोहोचली तेव्हा गाव ओस होते. दाणा नाही, वैरण नाही. रातोरात माघार घ्यावी लागली आणि वडगावला मराठ्यांनी तिला कोंडून धरले. तेथे नाक मुठीत धरून तह झाला. ज्याच्या पत्रांतून ह्या बातमीचा उगम झाला, तो मॉस्टिन मोहिमेच्या कारभारात नेमला गेला होता. पण आजारी पडून मागे फिरला आणि वडगावचा तह होण्यापूर्वीच वारला.

कलकत्त्याने वडगावचा तह मानला नाही. लढाई आणखी तीन वर्षे रेंगाळली आणि १७ मे १७८२ रोजी सालबाईचा तह होऊन संपली. त्यात एक कलम असे होते, की पोर्तुगीजांखेरीज दुसऱ्या कोणाही युरोपियनाला पेशव्यांनी आपल्या मुलखात थारा देऊ नये. ज्या पाहुण्याला जाऊन चार वर्षे झाली होती, त्याच्यासाठी घातलेले हे कुलूप! साष्टी मात्र इंग्रजांकडेच राहिली. दोन्ही बाजूंची किती माणसे ह्या लढाईत खर्ची पडली, किती गावे उजाड झाली! आणि ते अडीच हजार गोरे शिपाई? ते चौलला कधीच उतरले नाहीत.

वाचकहो, परकी राज्ये गुप्त कारवाया करीतच नाहीत, असे म्हणण्याचा भोळेपणा कोणी करू नये. ती करतात, सार्तिनने लुबिनला पाठविले होतेच. म्हणून अशी प्रत्येक बातमी थाप म्हणून झटकणे हेही शहाणपण नव्हे. तिच्यातले पाहिलेले आणि ऐकलेले वेगळे करावे. सांगणाऱ्याचा पूर्वेतिहास आणि त्याचा लाभ पाहावा. सांगितलेली गोष्ट घडायला किती माणसे, किती पैसा, किती वेळ लागेल ह्याचा साधा हिशेब मांडावा. आणि सर्वांत अवघड म्हणजे, ही बातमी खरी असावी असे आपल्यालाच का वाटते आहे, हे स्वतःला विचारावे. इतके करूनही निकाल लागला नाही, तर जुन्या बातमीदारासारखे 'आवई आहे' एवढेच म्हणून थांबावे. त्यात कमीपणा नाही.

आज आतल्या गोटातली बातमी काल्पीच्या वाटेने चालत येत नाही. ती फराळाच्या पाटावर बसल्या बसल्या हातातल्या फोनवर येते. तेव्हा यंदा कोणी आवाज खाली आणून ती सांगू लागला, तर त्याला अवश्य आणखी एक चकली वाढा. आणि ती तो खात असताना हळूच विचारा, "तुम्ही हे पाहिलंत, की ऐकलंत?"