रक्ताच्या कागदावरची साक्ष

स्तनाचा कर्करोग म्हटले की आपण गाठीविषयी बोलतो. केवढी आहे, काखेपर्यंत गेली का, कितवा टप्पा? प्रश्न बरोबरच आहेत. पण ज्या देहात ती वाढते, त्या देहाची विचारपूस कोण करणार? मी डॉक्टर नव्हे, कविता लिहिणारा माणूस. पण बी.ए. झालेला म्हणून अंबडच्या आमच्या वस्तीतले लोक रिपोर्ट वाचून घ्यायला माझ्याकडे येतात. तेव्हा त्या आकड्यांची कुळकथा शोधावीशी वाटली.

आम्ही कवी विरहाला दाह म्हणतो. वैद्यकातला दाह निराळा. बोट कापले की ते लाल होते, सुजते, ठणकते; शरीराचे पहारेकरी तिथे धावून आलेले असतात. १८६३ साली जर्मन वैद्य रुडॉल्फ विर्चो यांना कर्करोगाच्या गाठीत याच पांढऱ्या पेशी दिसल्या. दाहाचा आणि कर्करोगाचा संबंध असावा, असे त्यांनी सुचवले. ही कल्पना बराच काळ मागे पडली. १९८६ साली अमेरिकेतील हॅरॉल्ड ड्वोरॅक यांनी गाठीला कधीच न भरणाऱ्या जखमेची उपमा दिली आणि जुना धागा पुन्हा हाती आला.

दरम्यान जपानमध्ये ओनोदेरा यांनी १९८४ साली एक साधे गणित मांडले. रक्तातले अल्ब्युमिन हे प्रथिन आणि लिम्फोसाइट या पांढऱ्या पेशी, एवढ्यावरून रोग्याचे पोषण मोजायचे. पोटाची शस्त्रक्रिया त्याला झेपेल का, हे आधी कळावे, एवढाच हेतू होता. पुढे हेच गणित स्तनाच्या कर्करोगालाही लावून पाहिले गेले. दाहात वाढणाऱ्या न्यूट्रोफिल पेशी लिम्फोसाइटच्या किती पट आहेत, हेही मोजले गेले. अनेक अभ्यासांचा कल एकच दिसला: दाहाचा आकडा चढलेला आणि पोषणाचा उतरलेला असेल, तर पुढची वाट सरासरीने अधिक खडतर.

इथे एक गोष्ट नीट ऐकावी. अल्ब्युमिन कमी म्हणजे बाईने खाल्लेच नाही, असा निकाल नातेवाईक लगेच देतात. परंतु दाह असला की यकृतच अल्ब्युमिन कमी बनवते. म्हणजे आजार आकडा पाडतो आणि बोल मात्र बाईला लागतो. साध्या तापानेही न्यूट्रोफिल वाढतात. म्हणून या आकड्यांवरून कर्करोगाचे निदान होत नाही, एकटीचे भविष्यही ठरत नाही. गाठीचा टप्पा आणि प्रकार यांच्या जोडीला ठेवायची ती एक साक्ष आहे.

आपल्या महाराष्ट्रात मोठी अडचण उशिराची. परळचे टाटा मेमोरियल रुग्णालय १९४१ साली उघडले. तेथील डॉक्टरांनी १९९८ पासून मुंबईच्या वस्त्यांतल्या सुमारे दीड लाख स्त्रियांचा अभ्यास केला. त्यांतल्या निम्म्या स्त्रियांची प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी नुसत्या हातांनी तपासणी केली. निष्कर्ष २०२१ साली प्रसिद्ध झाले. तपासलेल्या स्त्रियांत रोग लवकरच्या टप्प्यात सापडला. पन्नाशी ओलांडलेल्यांत या रोगाने होणारे मृत्यू जवळजवळ ३० टक्क्यांनी कमी झाले.

चूल असो की दस्तरख्वान, शेवटी उरेल ते खाणारी बाईच. आपल्या राज्यातल्या निम्म्याहून अधिक स्त्रियांच्या अंगात रक्त कमी आहे, हे २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत दिसले. नुसत्या चांगल्या खाण्याने कर्करोग बरा होतो, असे कुणी सांगू नये. पण उपचार झेपायला अंगात बळ लागते, हेही खोटे नाही. घरातल्या बाईला गाठ जाणवली तर तिला त्याच आठवड्यात तपासायला न्या. उपचार सुरू असताना भूक मंदावली, वजन उतरले, तर ते डॉक्टरांच्या कानावर घाला. आणि तिचे ताट पहिल्या पंगतीत वाढा. त्यासाठी रिपोर्टची वाट पाहायला नको.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)