मुकादमाच्या पलीकडे कोण?

दिवाळीच्या सुटीत मुंबईहून पुण्याकडे निघालेली गाडी कर्जत सोडून घाट चढू लागली, की मुले खिडक्यांशी गर्दी करून बोगदे मोजू लागतात. मी पडलो शाळामास्तर. मला वाटते, बोगद्यांबरोबर ते फोडणाऱ्यांच्या मजुरीचाही हिशेब मुलांना कोणीतरी सांगावा.

बोरघाटातल्या लोहमार्गाचे काम १८५६ साली सुरू झाले. पंधरा मैलांहून अधिक वाट, १,८३१ फुटांची चढण आणि २५ बोगदे. मालक ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे कंपनी. तिने काम दिले फेव्हिएल नावाच्या इंग्रज कंत्राटदाराला. त्याच्या हाताखाली पोटकंत्राटदार, त्यांच्या हाताखाली मुकादम आणि सर्वांच्या तळाशी सुरुंग लावणारा, पाटी वाहणारा मजूर. वरून सुटलेला पैसा इतक्या हातांतून झिरपत खाली येई. पुष्कळदा येतच नसे.

जानेवारी १८५९ मध्ये थकलेल्या मजुरीसाठी मजूर उठले. दंगल झाली, तीत एक युरोपियन मारला गेला. चौकशीत मजुरांची तक्रार खरी ठरली. त्याच वर्षी फेव्हिएलने काम सोडले. त्याच्या जागी आलेला सॉलोमन ट्रेडवेल थोड्याच आठवड्यांत वारला आणि त्याची पत्नी अॅलिस हिने कंत्राट पुढे चालवले. १८६१ मध्ये घाटात ४० हजारांहून अधिक माणसे खपत होती. पटकीने आणि अपघातांनी त्यांतली हजारो दगावली. १८६३ साली मार्ग खुला झाला.

कादंबरीकाराला एक खलपुरुष हवा असतो. या कथेत मला तो सापडत नाही. मजुराने मुकादमाकडे पाहावे, तर तो वर बोट दाखवणार. वरचा त्याच्याही वर. बोट फिरत राहते आणि जबाबदारी मात्र कोणाच्याच दाराशी उतरत नाही.

सरकारने १८६० मध्ये मालक व कामगार यांच्या तंट्यांचा कायदा केला. रेल्वे, कालवे अशा कामांवरील मजुरीचा तंटा मॅजिस्ट्रेटने झटपट निकालात काढावा, ही त्यातली चांगली बाजू. पण काम सोडून जाणाऱ्या मजुराला तुरुंग आणि पैसे बुडवणाऱ्याला फक्त ‘दे’ असा हुकूम, असा तो तराजू होता! तो कायदा १९३२ साली रद्द झाला.

खरे पाऊल पडले ते १९२३ च्या नुकसानभरपाई कायद्याने. मालकाने आपल्या धंद्यातले काम कंत्राटाने करून घेतले, तरी जखमी कामगाराला भरपाई मालकाकडे मागता येऊ लागली. मालकाने ती मागाहून कंत्राटदाराकडून वसूल करावी. १९७० च्या कंत्राटी कामगार कायद्याने मजुरीलाही हाच न्याय लावला.

तरी खोड जाते कुठे? १९८२ च्या आशियाई खेळांसाठी दिल्लीत बांधकामे चालली होती. तिथे किमान मजुरी होती रोजची सव्वानऊ रुपये. जमादार त्यातला एक रुपया माणशी कापून घेत. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. न्यायमूर्ती भगवती यांनी निकाल दिला, की किमान मजुरीपेक्षा कमी देऊन करून घेतलेले काम ही वेठबिगारीच होय आणि कंत्राटदार नेमला म्हणून सरकारची जबाबदारी संपत नाही. पुढे १९९६ साली बांधकाम कामगारांसाठी स्वतंत्र कायदा झाला. २०२० मध्ये संसदेने अशा अनेक कायद्यांची मोट नव्या संहितांत बांधली.

बोरघाटापासून दिल्लीपर्यंत सव्वाशे वर्षे गेली, ती एवढी एक गोष्ट कायद्याच्या पुस्तकात उतरायला: काम ज्याचे, जबाबदारीही त्याचीच. वाचकहो, तुमच्यापैकी कोणी या दिवाळीनंतर घर बांधायला काढणार असेल. कंत्राटदाराशी दर ठरवताना त्याला आणखी एक विचारा : माणसांची मजुरी कोणत्या वारी आणि कोणाच्या हातून मिळते? शनिवारी एकदा स्वतः जाऊन पाहा.