कंपन्यांच्या राजकीय देणग्या (डहाणू व तलासरी)

कंपनी कायद्याखाली नोंदलेल्या कंपनीने राजकीय पक्षाला, निवडणूक न्यासाला किंवा पक्षाच्या कामी येणाऱ्या व्यक्तीला दिलेली रक्कम म्हणजे कंपनीची राजकीय देणगी. पालघर जिल्ह्याच्या उत्तर टोकावरचे डहाणू आणि तलासरी हे आदिवासीबहुल तालुके या विषयात दोन कारणांनी लक्षात घ्यावे लागतात. देशातले काही सर्वांत खर्चिक प्रकल्प त्यांच्या हद्दीत उभे राहत आहेत. त्याच वेळी सभासदांच्या लेव्हीवर (उत्पन्नानुसार वर्गणीवर) आणि पावती-पुस्तकावर वाढलेला मार्क्सवादी कम्युनिस्ट पक्ष (माकप) येथे आजही विधानसभेची जागा जिंकतो. कंपनीचा रुपया मुंबई-दिल्लीतून या तालुक्यांत कोणत्या वाटेने येतो, ती वाट मात्र कोणत्याही एका सरकारी कागदावर सलग दिसत नाही.

याचे कारण कायद्याच्या रचनेत आहे. लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम २९ क नुसार पक्षाला एका आर्थिक वर्षात २०,००० रुपयांहून अधिक देणाऱ्यांची यादी निवडणूक आयोगाला द्यावी लागते. राष्ट्रीय पक्षाची यादी साऱ्या देशाची मिळून एकच असते. महाराष्ट्र शाखेच्या वाट्याला किती आले आणि त्यातले पालघरला किती उतरले, हे सांगण्याचे बंधन पक्षावर नाही. अमेरिकेत १९०७ च्या टिलमन कायद्याने संघराज्याच्या निवडणुकांत कंपन्यांच्या थेट देणग्यांना बंदी घातली. राज्यांच्या निवडणुकांसाठी मात्र प्रत्येक राज्याचा कायदा वेगळा आहे. काही राज्ये बंदी घालतात, काही मर्यादा ठरवतात. राज्याच्या प्रचाराला आणि पक्षाच्या राज्य समितीला कोणी किती दिले, याची नोंदही तेथे राज्यपातळीवर होते. भारतात असा राज्यनिहाय कायदा नाही आणि महाराष्ट्रानेही तो केलेला नाही.

या वादाला मुंबईत तोंड फुटले ते १९५७ मध्ये. टाटा आयर्न अँड स्टील कंपनीला राजकीय पक्षांना देणग्या देता याव्यात म्हणून आपल्या संस्थापन-लेखात दुरुस्ती करायची होती. तिला आव्हान मिळाल्यावर प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात मुख्य न्यायमूर्ती महंमद करीम छागला यांच्यापुढे आले. कायद्यात मनाई नसल्याने न्यायालयाने दुरुस्तीला परवानगी दिली. अशा पैशाने लोकशाहीला धोका पोचतो, हे मात्र छागलांनी निकालपत्रात स्पष्ट नमूद केले आणि संसदेने यात लक्ष घालावे असे सुचवले. त्याच वर्षी वारली आदिवासींच्या लढ्याचे नेते शामराव परुळेकर ठाणे मतदारसंघातून कम्युनिस्ट पक्षातर्फे लोकसभेवर निवडून गेले. डहाणू आणि तलासरीचा परिसर तेव्हा ठाणे जिल्ह्यात होता. पालघर हा वेगळा जिल्हा १ ऑगस्ट २०१४ रोजी झाला.

संसदेने १९६० मध्ये कंपनी कायद्यात कलम २९३ अ घालून देणग्यांना मर्यादा बांधली आणि १९६९ मध्ये त्या पूर्णपणे बंद केल्या. बंदीच्या काळात पैसा थांबला असे कोणी म्हणत नाही. पक्षांच्या अधिवेशनांच्या जाडजूड स्मरणिका निघत आणि त्यांत कंपन्यांच्या पानपानभर जाहिराती असत. कागदोपत्री तो जाहिरातखर्च होता. पुढे कायद्याने ही पळवाट ओळखली. आजच्या कलम १८२ नुसार पक्षाच्या स्मरणिकेतली, पत्रकातली किंवा पुस्तिकेतली जाहिरातही देणगीच धरली जाते.

महाराष्ट्रातले सर्वांत गाजलेले प्रकरण याच बंदीच्या काळातले आहे. मुख्यमंत्री अब्दुल रहमान अंतुले यांनी इंदिरा गांधी प्रतिभा प्रतिष्ठान हा न्यास स्थापला. सिमेंट तेव्हा नियंत्रित माल होता आणि त्याचा कोटा शासनाच्या हाती होता. न्यासाला देणग्या देणाऱ्या बांधकाम व्यावसायिकांना कोटा मिळतो, असा आरोप १९८१ मध्ये वृत्तपत्रांतून झाला. जानेवारी १९८२ मध्ये न्यायमूर्ती बख्तावर लेंटिन यांचा निकाल विरोधात गेला आणि अंतुलेंनी राजीनामा दिला. प्रतिष्ठान हा पक्ष नव्हता, म्हणून तांत्रिक अर्थाने ही राजकीय देणगी नव्हे. कोशकाराने तरीही ती येथेच नोंदवावी, कारण परवाना, कोटा किंवा कंत्राट एका हाताने आणि देणगी दुसऱ्या हाताने, हा व्यवहार या एका प्रकरणात जितका उघडा पडला तितका क्वचितच पडतो.

१९८५ मध्ये बंदी उठली आणि मागील तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या ५ टक्के ही मर्यादा आली. २००३ मध्ये देणगीवर करसवलत मिळाली. २०१३ च्या नव्या कंपनी कायद्याने कलम १८२ मध्ये मर्यादा साडेसात टक्के केली, संचालक मंडळाचा ठराव आवश्यक ठरवला आणि नफातोटा पत्रकात पक्षाच्या नावासह रक्कम दाखवणे सक्तीचे केले. नियम मोडणाऱ्या कंपनीला देणगीच्या पाचपट दंड होऊ शकतो. २०१७ च्या वित्त कायद्याने मर्यादा आणि पक्षाचे नाव देण्याची अट दोन्ही काढून टाकली, आणि २ जानेवारी २०१८ रोजी निवडणूक रोखे योजना अधिसूचित झाली. रोखे स्टेट बँकेच्या ठराविक शाखांत मिळत आणि पंधरा दिवसांत पक्षाच्या खात्यात वटत. देणाऱ्याचे नाव बँकेला ठाऊक असे, मतदाराला नाही. तोट्यातली कंपनीही कितीही रकमेचे रोखे घेऊ शकत होती.

१५ फेब्रुवारी २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने ही योजना आणि अमर्याद कंपनी-देणगीची तरतूद घटनाबाह्य ठरवली. मार्चमध्ये बँकेची माहिती प्रसिद्ध झाली. १२ एप्रिल २०१९ पासूनच्या त्या माहितीत रोख्यांची खरेदी १२,००० कोटी रुपयांवर गेलेली दिसते. त्यांतले सुमारे ६,००० कोटी भारतीय जनता पक्षाने वटवले. शिवसेनेच्या नावावर सुमारे १५९ कोटी आणि राष्ट्रवादी काँग्रेसच्या नावावर सुमारे ३१ कोटी आहेत. ४१० कोटींचे रोखे घेऊन खरेदीदारांत तिसऱ्या क्रमांकावर असलेल्या क्विक सप्लाय चेन या कंपनीचा नोंदणीचा पत्ता नवी मुंबईचा आहे. या यादीतून कंपनी आणि पक्ष यांची जोडी लागते. पक्षाकडून पैसा पुढे कोणत्या राज्यात, कोणत्या मतदारसंघात गेला हे तीही सांगत नाही.

डहाणूत स्थानिक देणगीदार कंपनी शोधायला गेल्यास फारसे हाती लागत नाही. २० जून १९९१ च्या केंद्रीय अधिसूचनेने डहाणू तालुका पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील ठरला. औद्योगिक क्षेत्राला एकूण ५०० एकरांची मर्यादा पडली आणि तालुक्याभोवती २५ किलोमीटरचा पट्टा उद्योगांपासून मुक्त राखला गेला. सर्वोच्च न्यायालयाच्या १९९६ च्या आदेशाने डहाणू तालुका पर्यावरण संरक्षण प्राधिकरण नेमले गेले. न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी यांनी त्याचे अध्यक्षपद दीर्घकाळ सांभाळले. त्यामुळे चिकूच्या बागा, फुग्यांचे कारखाने, मासेमारी आणि ५०० मेगावॅटचे औष्णिक वीज केंद्र, एवढाच येथला ठळक उद्योग. वीज केंद्र उभारले बीएसईएसने. ते पुढे रिलायन्सकडे आणि २०१८ मध्ये अदाणी समूहाकडे गेले. शेजारच्या गुजरातमधल्या वापी-उंबरगावात जशी कारखानदारी फोफावली तशी तलासरीत फोफावली नाही.

मोठा पैसा आला तो प्रकल्पांच्या रूपाने, आणि येथे कलम १८२ मधली एक तरतूद बारकाईने वाचावी लागते. सरकारी कंपनीला, तसेच स्थापन होऊन तीन वर्षे न झालेल्या कंपनीला राजकीय देणगी देता येत नाही. डहाणू तालुक्यातल्या वाढवण बंदराला केंद्रीय मंत्रिमंडळाने जून २०२४ मध्ये मंजुरी दिली. ७६,२२० कोटी रुपयांच्या या बंदरात जवाहरलाल नेहरू बंदर प्राधिकरणाचा वाटा ७४ टक्के आणि महाराष्ट्र सागरी मंडळाचा २६ टक्के आहे. तलासरीतून जाणारी बुलेट ट्रेन आणि डहाणूतून जाणारा मालवाहू रेल्वेमार्ग यांच्या मालक कंपन्याही सरकारी आहेत. म्हणजे ज्यांच्या विरोधात वाढवणचे मच्छीमार आणि भूसंपादनातले आदिवासी शेतकरी मोर्चे काढतात, त्या संस्था देणगी देऊच शकत नाहीत. त्यांच्याकडून काम घेणारे खासगी कंत्राटदार देऊ शकतात. सरकारी कंत्राट असलेल्या कंपनीने देणगी देऊ नये, असे भारतीय कायदा म्हणत नाही. अमेरिकेत संघराज्य सरकारच्या कंत्राटदारांना संघराज्यीय निवडणुकांत तशी मनाई आहे. डहाणूसारख्या प्रकल्पांनी वेढलेल्या तालुक्याच्या दृष्टीने कंपनी-देणग्यांच्या कायद्यातली सर्वांत मोठी उणीव हीच म्हणावी लागेल. देणगीवरच्या टक्केवारीपेक्षा ती महत्त्वाची आहे.

सामाजिक दायित्वाचा निधी, म्हणजे सीएसआर, ही वेगळी गोष्ट आहे, पण लोकांच्या बोलण्यात ती देणगीत मिसळते. २०१४ च्या नियमांनी राजकीय पक्षाला दिलेली रक्कम सीएसआरमध्ये धरण्यास मनाई केली आहे. तरी पाण्याची टाकी, रुग्णवाहिका किंवा शाळेची खोली कंपनीच्या पैशाने होते आणि लोकार्पणाच्या फलकावर पुढाऱ्यांची नावे येतात, हे राज्यभरचे दृश्य आहे. गावपाड्यावर कंपनीच्या पैशाची ओळख होते ती याच फलकावरून. निवडणूक आयोगाच्या यादीशी कोणाचा संबंध येत नाही.

या पार्श्वभूमीवर लोकांच्या वर्गणीवर चालणारी दुसरी परंपरा उभी आहे. १९४५ मध्ये शामराव आणि गोदावरी परुळेकर यांच्या नेतृत्वाखाली वारली आदिवासींनी वेठबिगारीविरुद्ध उठाव केला. समोर जमीनदार, सावकार आणि जंगलाचे ठेकेदार होते, म्हणजे त्या काळातला या भागातला सगळा पैसेवाला वर्ग. तळवाड्यात १० ऑक्टोबर १९४५ रोजी झालेल्या गोळीबारात जेठ्या गांगड यांच्यासह पाच जण मारले गेले. चळवळीला श्रीमंत आश्रयदाता मिळण्याची शक्यता नव्हती. किसान सभा या शेतकरी संघटनेची सभासद-वर्गणी, घरटी गोळा केलेले धान्य आणि पावतीवर घेतलेला निधी यांवरच ती चालली. १९५५ मध्ये अखिल भारतीय किसान सभेचे अधिवेशन डहाणूत भरले. किसान सभेच्याच मार्च २०१८ च्या नाशिक-मुंबई लाँग मार्चमध्ये शेतकऱ्यांनी शिधा घरूनच बांधून आणला होता, त्यामागे हीच सवय आहे.

मार्क्सवादी कम्युनिस्ट पक्षात सभासदाने उत्पन्नानुसार लेव्ही भरायची असते आणि लोकप्रतिनिधीचे मानधन पक्षाचे मानले जाते. या पक्षाने निवडणूक रोखे घेतले नाहीत आणि योजनेविरुद्धच्या याचिकाकर्त्यांत तो स्वतः होता. सीताराम येचुरी यांनी २०१८ मध्ये याचिका दाखल केली. मात्र पक्ष कंपन्यांच्या पैशापासून सर्वस्वी अलिप्त आहे असे म्हणणे बरोबर ठरणार नाही. त्याच्या देणगी-अहवालांत, विशेषतः केरळातल्या, काही कंपन्यांची आणि व्यावसायिक आस्थापनांची नावे आढळतात. भाजप आणि काँग्रेसच्या तुलनेत या रकमा किरकोळ आहेत, एवढाच फरक.

अनुसूचित जमातींसाठी राखीव असलेला डहाणू विधानसभा मतदारसंघ तलासरी तालुका आणि डहाणूचा काही भाग मिळून होतो. २००९ मध्ये तो माकपच्या राजाराम ओझरे यांनी, २०१४ मध्ये भाजपच्या पास्कल धनारे यांनी जिंकला. २०१९ मध्ये माकपचे विनोद निकोले पाच हजारांहून कमी मतांनी निवडून आले. शपथपत्रात त्यांची मालमत्ता सुमारे ५१,००० रुपये होती आणि त्या विधानसभेतले सर्वांत कमी संपत्तीचे आमदार म्हणून त्यांची चर्चा झाली. २०२४ मध्ये ते पुन्हा भाजपविरुद्ध पाच हजारांहून थोड्या अधिक मतांनी जिंकले. त्यावरून पैशाला येथे किंमत नाही असा निष्कर्ष काढू नये. दोन्ही वेळा फरक इतका थोडा होता की खर्च, आघाडी आणि संघटन यांतले काय कामी आले हे आकड्यांवरून ठरत नाही.

तालुक्यापुरती तपासता येईल अशी एकच नोंद उरते, ती उमेदवाराच्या खर्चाची. महाराष्ट्रात विधानसभेच्या उमेदवाराला २०२२ पासून ४० लाख रुपयांची मर्यादा आहे. २०१९ च्या विधानसभा निवडणुकीत ती २८ लाख होती. निकालानंतर ३० दिवसांत हिशेब पालघरच्या जिल्हा निवडणूक अधिकाऱ्याकडे द्यावा लागतो. त्यातल्या एका अनुसूचीत व्यक्ती, कंपनी किंवा संस्थेकडून मिळालेली रक्कम नावानिशी लिहावी लागते. पक्षाने दिलेल्या रकमेला मात्र वेगळा रकाना आहे आणि पक्षाकडे ती कोठून आली हे तेथे विचारले जात नाही. पक्षाच्या स्वतःच्या सर्वसाधारण प्रचारखर्चाला तर मर्यादाच नाही. त्याचे विवरण विधानसभा निवडणुकीनंतर ७५ दिवसांत आयोगाकडे जाते. जिल्हा परिषद, पंचायत समिती, डहाणू नगरपरिषद आणि तलासरी नगरपंचायत यांच्या निवडणुकांचा हिशेब राज्य निवडणूक आयोगाच्या अखत्यारीत येतो, त्यामुळे एकाच पक्षाचा एकाच तालुक्यातला खर्च दोन वेगळ्या आयोगांच्या कागदांत विभागला जातो.