विहीर, टाकी आणि डास

पावसाळा लागला की आमच्या वसईत एक वाक्य हटकून ऐकू येते : "या बावखलापायी डास वाढलेत, बुजवून टाका एकदाचं!" बाहेरच्यांसाठी सांगतो, बावखल म्हणजे वाडीतले गोड्या पाण्याचे तळे. जुन्या माणसांनी त्यावर रहाट लावून केळी आणि पानवेली पिकवल्या. डासांपायी ते बुजवावे का, हे ठरवण्याआधी थोडा इतिहास पाहू.

हिवताप डासामुळे पसरतो याचा पुरावा रोनाल्ड रॉस यांना २० ऑगस्ट १८९७ रोजी सिकंदराबादेत मिळाला. पुढे मुंबईत डॉ. चार्ल्स बेंटली यांनी तपास केला. त्यांचा अहवाल १९११ चा. शहरातला हिवतापाचा डास, ॲनोफिलीस स्टीफेन्सी, मुख्यतः घरोघरच्या विहिरींत वाढतो असे त्यांना आढळले. तानसाचे पाणी १८९२ मध्ये मुंबईत आले होते, त्यामुळे अनेक विहिरींचा उपसा कमी झाला होता. मग विहिरी झाकण्याचे आणि बुजवण्याचे हुकूम निघाले. पारशी आणि हिंदू दोघांनीही हरकत घेतली, कारण विहीर पूजेची! चर्चगेटजवळची १७२५ सालची भिखा बेहराम विहीर आजही आहे.

विहिरी गेल्या, पण डास गेला नाही. तो गच्चीवरच्या टाकीत आणि इमारतींच्या बांधकामावर साठलेल्या पाण्यात राहायला गेला.

स्वातंत्र्याच्या सुमारास देशात वर्षाला साडेसात कोटी लोकांना हिवताप होई असा अंदाज होता. १९५३ पासून डीडीटीची फवारणी झाली आणि १९६५ पर्यंत आकडा लाखाच्या आसपास आला. सगळे निर्धास्त झाले. डास डीडीटीला दाद देईनासे झाले, देखरेखही सैलावली आणि १९७६ मध्ये रुग्ण चौसष्ट लाखांवर गेले.

आता प्रत्येक डासाची आवड वेगळी, हे लक्षात घ्या. क्युलेक्सला घाण पाणी लागते, त्याच्यामुळे हत्तीरोग पसरतो. डेंग्यू आणि चिकुनगुन्याचा एडीस दिवसा चावतो आणि पिंप, कुंडीखालची ताटली, टायर अशा घरगुती पाण्यात वाढतो. तो फार लांब उडतही नाही. त्याची अंडी कोरड्यातही महिनोन्‌महिने टिकतात, म्हणून पिंप नुसते रिकामे करून भागत नाही, आतून घासावे लागते. अंड्यापासून डास व्हायला आठ-दहा दिवस लागतात. आठवड्याचा 'कोरडा दिवस' त्यावरूनच आला.

नळाला रोज पाणी येत नाही तिथे माणूस पाणी साठवणारच, त्याला दोष कसा द्यावा? पण झाकण तर लावता येते.

राहिले बावखल. कचरा टाकून सडवले तर तिथेही डास होणारच. पण स्वच्छ ठेवले, गप्पी मासे सोडले, तर मासे डासांच्या अळ्या खातात. उघड्या टाकीत हे काम कोण करणार? शिवाय आपली वसई सखल. जुलै २०१८ मध्ये वसई, नालासोपारा, विरार कसे पाण्यात होते ते आपण पाहिले. बावखल बुजवले तर त्यात मुरणारे पाणी आपल्याच अंगणात साचेल, आणि तिथे मासे नसतील.

म्हणून माझे म्हणणे एवढेच, बावखलाकडे बोट दाखवण्याआधी एकदा जिना चढून आपली टाकी पाहून या.