पेशंट रत्नागिरीत, डॉक्टर परळला: टेलिमेडिसिनमुळे कॅन्सरची कोणती फेरी वाचते, कोणती नाही?

कोकणात एखाद्या घरात कॅन्सर निघाला की पहिला शब्द कानावर येतो तो 'टाटा'. म्हणजे परळचं टाटा मेमोरियल हॉस्पिटल, १९४१ साली सुरू झालेलं. रत्नागिरीपासून ते ३०० किलोमीटरहून लांब. कोकण रेल्वे आली, प्रवास सोपा झाला, पण किमो सुरू असलेल्या माणसाला जनरल डब्यातून नेणं काही सोपं झालेलं नाही. मुंबईत नातेवाइकांची खोली, नाहीतर दादरची गाडगे महाराज धर्मशाळा. सोबतच्या माणसाची मजुरी बुडते ती वेगळीच. एवढं करून डॉक्टरांसमोर मिळतात काही मिनिटं. अशा चार-पाच फेऱ्या झाल्या की काही घरं पुढची तारीख टाळतात. "आता बरं वाटतंय ना, मग कशाला?" उपचार सुटतो तो इथे.

टेलिमेडिसिन कामाला येतं ते नेमकं या ठिकाणी.

रत्नागिरी जिल्ह्याला हा प्रकार नवा नाही. चिपळूण तालुक्यात सावर्ड्याजवळ डेरवणला वालावलकर रुग्णालय आहे. टाटा मेमोरियलनं या रुग्णालयाच्या साथीनं जिल्ह्यातल्या गावांमध्ये कॅन्सरची तपासणी केली. त्यात तोंडाचा कॅन्सर का शोधायचा, हे कोकणात कुणाला समजवावं लागत नाही. भाजलेल्या तंबाखूची मिसरी कितीतरी घरांत आजही लावली जाते. तपासणीबरोबरच डेरवण आणि परळ टेलिमेडिसिननंही जोडले गेले. हातोहाती स्मार्टफोन येण्याच्या आधीची ही गोष्ट. तेव्हा इस्रो उपग्रहामार्फत लांबची रुग्णालयं मोठ्या रुग्णालयांशी जोडत होती.

यात एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. दोन्ही टोकांना डॉक्टर असतात. पेशंटच्या शेजारी बसलेला डॉक्टर मानेतली गाठ हातानं चाचपतो, तोंडात बॅटरी मारून बघतो, आणि जे दिसलं ते परळच्या तज्ज्ञाला सांगतो. सर्जन, किरणोपचार तज्ज्ञ आणि किमो देणारे डॉक्टर मिळून उपचार ठरवतात, त्या बैठकीत केस लांबूनही मांडता येते. घरी बसून केलेल्या व्हिडिओ कॉलमध्ये हा 'इकडचा हात' नसतो. म्हणून तो कॉल वाईट नाही, पण त्याच्याकडून अपेक्षा कमी ठेवलेल्या बऱ्या.

मग कोणती फेरी वाचते? रक्ताचे रिपोर्ट दाखवून पुढची किमो द्यायची की आठवडा थांबायचं, गोळ्यांचा डोस बदलायचा का, तोंड आलंय, जुलाब होतायत, जेवण जात नाही, अशा कामांसाठी प्रत्येक वेळी परळ गाठायची गरज नसते. किमो जवळच्या रुग्णालयात आणि सल्ला टाटाचा, असंही जमू शकतं. दुसरं मत हवं असेल तर नॅशनल कॅन्सर ग्रिडशी जोडलेल्या 'नाव्या' या सेवेवर रिपोर्ट अपलोड करून तज्ज्ञांचं लेखी मत मिळतं.

बायोप्सी, ऑपरेशन आणि किरणोपचार मात्र प्रत्यक्षच. आणि एक इशारा: किमो सुरू असताना ताप १००.४ फॅरनहाइट किंवा त्याहून जास्त गेला तर व्हिडिओ कॉलची वाट बघत बसायचं नाही. पांढऱ्या पेशी कमी झालेल्या असतात, जंतुसंसर्ग काही तासांत जिवावर बेतू शकतो. जवळचं रुग्णालय गाठायचं, किमो सुरू आहे हे दारातच सांगायचं, फोन नंतर.

आता नियमांचं. केंद्र सरकारनं २५ मार्च २०२० ला, लॉकडाऊन लागला त्याच दिवशी, टेलिमेडिसिनची मार्गदर्शक तत्त्वं आणली. त्यांनुसार नोंदणीकृत डॉक्टर फोन किंवा व्हिडिओवरून सल्ला देऊ शकतो, प्रिस्क्रिप्शनचा फोटो किंवा पीडीएफ पाठवू शकतो. पेशंटला बोलता येत नसेल तर घरच्यांनी बोललं तरी चालतं. पण अमली पदार्थांच्या कायद्याखाली येणारी औषधं अशी लिहून देता येत नाहीत, आणि त्यात मॉर्फिन येतं. शेवटच्या टप्प्यात वेदना असह्य होतात, माणूस हलवायच्या स्थितीत नसतो, तेव्हाच हा नियम आडवा येतो. गैरवापराची भीती खरी असली तरी खाटेला खिळलेल्या पेशंटला त्याची शिक्षा का, हा प्रश्न उरतोच. त्यामुळे दुखणं वाढायच्या आधीच जिल्ह्यात मॉर्फिन कुठे मिळतं आणि कोणते डॉक्टर ते लिहून देतात, हे विचारून ठेवलेलं बरं.

साध्या तक्रारींसाठी सरकारची मोफत ई-संजीवनी आहे. गावच्या आरोग्य केंद्रातले समुदाय आरोग्य अधिकारी तिथूनच डॉक्टरांशी जोडून देतात. मोबाइलला रेंज नसलेल्या वाडीत याचा विशेष उपयोग.

कॉलच्या आधी फाईल नंबर, बायोप्सीचा रिपोर्ट, ताजे रक्ताचे रिपोर्ट, आजचं वजन आणि चालू गोळ्यांची पाकिटं समोर असावीत. सीटी स्कॅनच्या फिल्मचा मोबाइलवर काढलेला फोटो बहुतेक वेळा निरुपयोगी ठरतो; सेंटरकडून सीडी मागून घ्यावी. बायोप्सीच्या काचेच्या स्लाइड आणि मेणाचे ब्लॉक मात्र कुठल्याच ॲपवरून जात नाहीत. पुन्हा तपासायला मागितले तर ते नीट बांधून कुरिअरनं पाठवावे लागतात, किंवा घरातल्या कुणीतरी घेऊन जावे लागतात. त्या फेरीला पेशंटनं जायची गरज नसते.